बहावा, ताम्हण, पळस: अंगणातला देशी वृक्ष बियांपासून कसा वाढवायचा

रोपवाटिकेत जाऊन रोप आणणं सोपं असताना बियांच्या नादी कशाला लागायचं? पहिलं कारण खात्रीचं. ताम्हण म्हणून आणलेलं रोप तीन-चार वर्षांनी फुलतं तेव्हा कळतं की ती म्यानमार-थायलंडकडची भलतीच जात आहे. कांचन म्हणून आणलेला हाँगकाँगचा संकर निघतो. 'गुलाबी बहावा' तर आपल्याकडचा नाहीच, तो आग्नेय आशियातला. बी स्वतः झाडाखालून उचललं की आईचा पत्ता माहीत असतो.

दुसरं कारण मुळांचं. बाजारातलं रोप कधीकधी दोन-दोन वर्षं एकाच पिशवीत उभं असतं. त्याचं सोटमूळ तळाशी जाऊन गोल फिरलेलं असतं आणि जमिनीत लावल्यावरही ते गोलच फिरत राहतं. वरून झाड बरं दिसतं, पण पाच-सहा वर्षांनी जोराच्या वाऱ्यात कलतं. पळसासारख्या झाडाच्या बाबतीत तर बी थेट जागेवर पेरणं हाच उत्तम मार्ग आहे.

आणि एक किरकोळ कारण: बी फुकट असतं.

आधी जागा, मग झाड

फुलताना पाहिलं म्हणून झाड निवडू नका. काटेसावर जानेवारी-फेब्रुवारीत लाल फुलांनी पेटते, त्यावर मैना-बुलबुल-साळुंक्यांची जत्रा भरते, सगळं खरं. पण ती शंभर फुटांकडे जाणारी, बुंध्याला फळ्यांसारखे आधार फुटणारी आणि अंगभर काटे मिरवणारी बाई आहे. तिला घरापासून किमान ३० फूट जागा हवी. बंगल्याच्या कंपाउंडात ती लावू नये, शेताच्या बांधावर किंवा गावाच्या मोकळ्या जागेत लावावी.

घराच्या छोट्या अंगणात पारिजातक, कांचन आणि आपटा चांगले. भिंतीपासून दहा-बारा फूट सोडता येत असतील तर बहावा आणि ताम्हण. सावलीची, ओलाव्याची जागा असेल तर सीता अशोक. बकुळ सावकाश वाढते, बारा महिने हिरवी राहते आणि कुंपणालगत उत्तम दिसते. पळस आणि पांगारा उन्हाच्या, मोकळ्या जागेचे. वर विजेची तार असेल तर पारिजातकाच्या पलीकडे जाऊ नका.

प्रदेशही बघा. ताम्हण महाराष्ट्राचं राज्यपुष्प असलं तरी मुळात ते ओढ्याकाठचं, कोकण-घाटातलं झाड आहे. देशावर ते जगतं आणि फुलतंही, पण उन्हाळ्यात पाणी मागतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या जमिनीत पळस, बहावा, पांगारा यांना तोड नाही. चिबड, पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत तर पळस बाकीच्या बऱ्याच झाडांपेक्षा जास्त तग धरतो.

शहरात राहत असाल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे आणि तो खाजगी अंगणातल्या झाडांनाही लागू होतो. वाढलेलं झाड नंतर परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणजे जागेचा विचार बी पेरण्याआधीच.

बी गोळा करण्याचं पंचांग

या सगळ्या उद्योगात लोक चुकतात ते पेरताना नव्हे, त्याच्या आधी. बी कच्चं तोडतात, नाहीतर उशिरा पोहोचतात. प्रत्येक झाडाची वेळ वेगळी आहे आणि काहींची खिडकी जेमतेम दहा-पंधरा दिवसांची असते.

डिसेंबर ते फेब्रुवारी: ताम्हणाची बोंडं. फुलं एप्रिल ते जून येतात, बोंडं त्यानंतर सहा-सात महिने पिकतात. हिरवी बोंडं तपकिरी होऊन टोकाशी चिरायला लागली की तोडायची. पूर्ण उघडली तर पंखाच्या बिया वाऱ्यावर गेल्या आणि तुमच्या हाती फक्त लाकडी टोपणं राहिली. झाडावर काळी पडलेली, उघडी बोंडं वर्षभर दिसतात, ती रिकामी असतात. पारिजातकाच्या चपट्या, गोल शेंगाही याच सुमारास वाळतात.

फेब्रुवारी ते एप्रिल: बहाव्याच्या शेंगा. झाडावर एकाच वेळी हिरव्या आणि काळ्या शेंगा असतात. काळी, कडक आणि हलवल्यावर आत खुळखुळणारी शेंग घ्या. शेंगेला बारीक भोकं दिसली तर अळीने आत घर केलेलं आहे, ती सोडा. बकुळीची पिवळी-केशरी फळं हिवाळ्याअखेरपासून उन्हाळ्यापर्यंत पिकतात. पाखरं आणि वटवाघळं गर खाऊन बी झाडाखाली टाकतात, तेही चालतं.

एप्रिल-मे: काटेसावर. हिची बोंडं झाडावर फुटली की कापूस उडतो आणि बीही त्याबरोबर उडतं. तपकिरी पडलेली, अजून न फुटलेली बोंडं आकडीने काढून टोपलीत ठेवावीत आणि वरून जुनं सुती पातळ बांधावं. दोन-तीन दिवसांत ती आपोआप उकलतात. हे घरात करू नका, कापूस आठवडाभर निघत नाही.

मे-जून: पळस, पांगारा आणि वसंतात फुलणारा कांचन. पळसाची शेंग चपटी, पानासारखी हलकी, आणि बी एकच, अगदी टोकाला. वाळलेल्या शेंगा पिवळट-तपकिरी होऊन झाडाखाली पडतात. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर त्या लगेच कुजायला लागतात किंवा आतल्या आत रुजतात, म्हणून पहिल्या सरीच्या आधी उचला. कांचनाच्या शेंगा दुपारच्या उन्हात फटकन फुटतात आणि बिया लांब फेकतात. त्या तपकिरी झाल्या की फुटण्याआधीच तोडून कागदी पिशवीत, तोंड बांधून ठेवायच्या. शरदात फुलणाऱ्या जांभळ्या कांचनाच्या शेंगा मात्र जानेवारी-मार्चमध्येच तयार होतात. तुमच्या ओळखीच्या कांचनाला भरपूर मोठी किरमिजी फुलं येतात पण शेंग कधीच धरत नाही? मग तो तोच हाँगकाँगचा संकर. तो वांझ आहे, तिथे वाट बघत बसू नका.

पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळ्यात: सीता अशोक. शेंगा हिरव्याच्या काळपट-तपकिरी होतात, उकलतात आणि आत चपटी, मोठी बी असते. पावसाळा सरताना सोनचाफ्याची फळं उकलतात, त्यातल्या लाल आवरणाच्या बियांवर पक्ष्यांचं बारीक लक्ष असतं.

बी शक्यतो तीन-चार वेगवेगळ्या झाडांवरून घ्या. शेंगा भरगच्च धरलेलं निरोगी झाड निवडा. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून काहीही उचलू नका. रस्त्याकडेची, देवळाच्या आवारातली, शाळा-कॉलेजातली झाडं भरपूर आहेत. काय, कुठून आणि कोणत्या तारखेला आणलं हे पिशवीवर पेन्सिलीने लिहा. पेनची शाई ओल लागली की पसरते.

बी हातात घेऊन बघा

आता मुख्य मुद्दा. कुठल्या बीला काय करायचं याचं कोष्टक पाठ करायची गरज नाही. बी कसं आहे आणि ते जंगलात कसं फिरतं हे बघितलं की निम्मं काम होतं.

टणक, चकचकीत, गुळगुळीत बी. बहावा, पांगारा, शिरीष. हे शेंगवर्गातले आहेत आणि यांच्या सालीतून पाणी आत शिरतच नाही. म्हणून अशी बी कोरड्या बरणीत काही वर्षं टिकते आणि म्हणूनच नुसती पेरली तर काही महिने जमिनीत दगडासारखी पडून राहते. बहाव्याच्या शेंगेतला गोड गर कोल्हे, अस्वलं, माकडं खातात आणि बी त्यांच्या पोटातून जाताना थोडी घासली जाते. ते काम आपल्याला करायचं आहे.

बहाव्याचं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. शेंग पाट्यावर ठेवून हातोडीने हलकेच फोडा. आत पातळ पडद्यांनी वेगळे केलेले कप्पे असतात, प्रत्येकात काळ्या चिकट गरात एक बी. हा गर रेचक आहे, लहान मुलं आसपास असतील तर लक्ष ठेवा. सगळे कप्पे रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी मूठभर वाळू घालून चोळा, धुवा, सावलीत दोन दिवस वाळवा. आता तपकिरी, चपट्या, चमकदार बिया मिळतील. प्रत्येकीचं एक टोक जरा निमुळतं असतं, तिथेच ती शेंगेला चिकटलेली होती आणि तिथूनच मूळ फुटणार आहे. ते टोक सोडून, समोरच्या रुंद कडेला नेलकटरने टिचकीभर साल काढा. आतला पांढरट भाग जेमतेम दिसला की थांबा, खोल जाऊ नका. नेलकटर नको असेल तर सुतारकामाच्या पॉलिश पेपरवर ती कड घासा. मग साध्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी ज्या बिया दुप्पट फुगल्या त्या पेरायच्या. ज्या तशाच आहेत त्यांची साल अजून उघडलेली नाही, त्यांना पुन्हा घासा.

दहा-वीस बियांसाठी ही पद्धत खात्रीची. शेकडो बिया असतील तर गरम पाण्याची: पाणी उकळून गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग बिया टाका आणि भांडं तसंच चोवीस तास निवू द्या. बिया गॅसवर उकळायच्या नाहीत. बहाव्यात या पद्धतीने सगळ्या फुगत नाहीत, राहिलेल्यांना नेलकटर आहेच. सरकारी रोपवाटिकांत यासाठी गंधकाम्ल वापरतात. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पांगाऱ्याच्या बियांना हीच कापणी चालते. पांगारा मनगटाएवढ्या फांदीपासूनही येतो, पण बियांपासून आलेलं झाड जास्त खोल मुळाचं होतं. अलीकडच्या वर्षांत त्याच्या पानांच्या देठांवर गाठी आणणाऱ्या एका बारीक गांधीलमाशीचा फार त्रास आहे. आसपासचे पांगारे असे गाठाळलेले दिसत असतील तर मी तरी यंदा दुसरं काही लावा असंच म्हणेन.

हलकी, पातळ, पंखाची बी. ताम्हण, वारस, मेडशिंगी. ही वाऱ्यावर फिरते, म्हणजे तिच्यात साठा कमी. हिला कापायचं, उकळायचं काही नाही. पसरट ट्रेमध्ये ओल्या मिश्रणावर भुरभुरायची आणि जेमतेम झाकली जाईल एवढी चाळलेली वाळू वरून टाकायची. खोल गेली तर वर येण्याची ताकद तिच्यात नाही. ताम्हणाच्या बऱ्याच बिया पोकळ असतात, म्हणून चिमटीने नाही, मुठीने पेरा. उगवायला दोन ते पाच आठवडे लागतात आणि तोवर वरचा थर एकदाही वाळता कामा नये.

तेलकट किंवा मांसल बी. सीता अशोक, सोनचाफा, बकुळ, काटेसावर. यांच्यासाठी एकच नियम: वाट बघू नका. सीता अशोकाची बी तर वाळली की मेली. आज आणली, आज पेरली, फार तर ओल्या कापडात दोन-तीन दिवस. डब्यात ठेवून पुढच्या पावसाळ्यात पेरू म्हणाल तर काही उगवणार नाही. हे झाड निसर्गात इतकं कमी झालंय की आंतरराष्ट्रीय यादीत ते धोक्यातलं म्हणून नोंदलेलं आहे, तेव्हा मिळालेली प्रत्येक बी जपा. आणि सोसायट्यांच्या भिंतीकडेला उंच, सरळ, लोंबत्या पानांचा जो 'अशोक' असतो तो हा नव्हे.

सोनचाफ्याच्या बीवरचं लाल, तेलकट आवरण पाण्यात भिजवून, चोळून पूर्ण काढावं लागतं. ते राहिलं तर बी कुजते, शिवाय मुंग्या घेऊन जातात. आतली काळी बी लगेच पेरायची आणि मग धीर धरायचा, कधीकधी दोन-तीन महिनेही. बकुळीलाही महिना-दोन महिने लागतात. काटेसावर मात्र ताजी असेल तर एक-दोन आठवड्यांत वर येते.

उरलेली साधी, सरळ बी. कांचन, आपटा, पारिजातक, पळस. कांचनाची बी रात्रभर भिजवून पेरली की आठवड्याभरात उगवते. मुलांना घेऊन सुरुवात करायची तर कांचनापासून करा, लवकर बक्षीस मिळतं. पारिजातकाच्या चपट्या शेंगेचे दोन भाग वेगळे होतात, प्रत्येकात एक बी. ती नाजूक असते, ताजीच लावावी.

बी पाण्यात टाकून तरंगली ती वाईट, बुडाली ती चांगली, ही परीक्षा बहाव्याला आणि कांचनाला बऱ्यापैकी लागू पडते. ताम्हण आणि काटेसावरीला ती लावू नका, त्यांच्या चांगल्या बियाही तरंगतात.

टणक बिया ठेवायच्या असतील तर पूर्ण वाळवून काचेच्या बरणीत, थोडी लाकडाची राख मिसळून ठेवा. कडधान्याला लागणाऱ्या भुंग्याचे भाऊबंद शेंगवर्गातल्या झाडांच्या बियांतही असतात. प्लास्टिकच्या बंद पिशवीत अर्धवट वाळलेली बी ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

माती आणि पिशवी

बी रुजायला खत लागत नाही. खाण्याची सोय तिने बरोबर आणलेली असते. ट्रेसाठी निम्मी चाळलेली लाल किंवा पोयट्याची माती आणि निम्मी नदीची वाळू पुरे. खाडीची किंवा समुद्राची वाळू घेऊ नका, मिठाने कोंब जळतात. नुसती काळी माती असेल तर वाळूचं प्रमाण वाढवा, नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच वाकडा होतो.

पिशवीसाठी दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि घमेल्यामागे मूठभर निंबोळी पेंड. शेणखताला वास येत असेल तर ते कुजलेलं नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालायचं तर थोडंच. पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं आणि मुळं कुजवतं.

पिशव्या दुधाच्याही चालतात, खाली चार आणि बाजूला चार भोकं पाडा. कांचन, पारिजातक, ताम्हण यांना सहा बाय नऊ इंची पिशवी पुरते. बहावा, बकुळ आणि सीता अशोकाला जरा लांब घ्या. पळसाला एक फूट लांबीखालची पिशवी देऊच नका. त्याचं मूळ कोंबाच्या कितीतरी आधी खाली धावतं.

पेरणी आणि पहिले दोन महिने

खोलीचा साधा हिशोब: बीच्या जाडीच्या दुप्पट. बहावा एक ते दीड सेंटीमीटर, सीता अशोक दोन, ताम्हण जवळजवळ वरच. पळसाचं चपटं बी आडवं किंवा उभ्या कडेवर, दोन सेंटीमीटर खोल. मोठी बी थेट पिशवीत, दर पिशवीत दोन. बारीक बी ट्रेमध्ये, आणि चार पानं आली की पिशवीत हलवायची.

पेरून झाल्यावर वरून कोंबडीजाळी किंवा जुनी शेडनेट टाका. खारी आणि उंदीर मोठ्या बियांच्या शोधातच असतात. पाणी झारीने, बारीक धारेने, सकाळी.

उगवल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत रोपं मातीशी काळी पडून आडवी होतात, त्या रोगाला मर म्हणतात. ती आली की औषध शोधत बसण्यापेक्षा पाणी कमी करा, दाटी मोडा, हवा खेळू द्या. पेरतानाच मिश्रणात ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची पावडर) घातलेलं असेल तर ही वेळ सहसा येत नाही. आडवं पडलेलं रोप मातीसकट काढून लांब टाका. पावसाळ्यात दुसरा शत्रू गोगलगाय. रात्री बॅटरी घेऊन वेचणं हाच खरा उपाय. मीठ टाकू नका, ते मातीतच राहतं.

बहाव्याच्या कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर त्या बहुधा पांढऱ्या-पिवळसर फुलपाखरांच्या असतात, बहावा हे त्यांच्या अळ्यांचं खाद्य आहे. रोप अगदी उघडं पडत असेल तर चार अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवा. फवारणी करायची असेल तर मग देशी झाड लावलंच कशाला?

ऊन. ताम्हण, बहावा, कांचन यांना उगवल्यानंतर दोन-तीन आठवडे अर्धी सावली द्या आणि मग हळूहळू पूर्ण उन्हात आणा. सीता अशोकाला पहिलं सगळं वर्ष सावली. बकुळीलाही फारसं कडक ऊन नको. पळस आणि काटेसावर पहिल्या दिवसापासून उन्हातले.

वर्षभर पिशवीत

फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेलं कांचन त्याच वर्षी जुलैमध्ये जमिनीत जाऊ शकतं. बाकीची रोपं पहिल्या पावसाळ्यात लावायची घाई करू नका. वीतभर बहावा पाऊस संपल्यावर गवतात दिसेनासा होतो आणि ग्रासकटरखाली जातो. एक वर्ष पिशवीत ठेवून दीड-दोन फुटांचा झाला की पुढच्या जूनमध्ये लावा.

या वर्षात एक कंटाळवाणं पण महत्त्वाचं काम आहे: दर तीन आठवड्यांनी पिशव्या उचलून जागा बदलणं. न उचललेली पिशवी तळाच्या भोकांतून जमिनीत मूळ सोडते. मग जूनमध्ये उचलताना ते तुटतं आणि रोप मान टाकतं. थोडं थोडं वरचेवर तुटत राहिलं तर आत बारीक मुळांची दाटी होते, ती हवीच असते. हिवाळ्यात एकदा थोडं गांडूळखत द्या. बाकी लाड नको.

जमिनीत

खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. दोन फूट लांब-रुंद-खोल पुरे. मुरूम लागला तर पहारीने आणखी खाली फोडून ठेवा, सोटमुळाला वाट मिळते. भरताना वरची माती आणि दोन घमेली शेणखत. देशी झाडाला रासायनिक खताची गरज नाही, जास्त नत्राने पानं वाढतात आणि फुलं लांबतात.

मृग लागला, एक सर आली, की लगेच लावू नका. मृगानंतर पंधरा-वीस दिवस उघडीप पडणं आपल्याकडे काही नवं नाही. जमीन फूटभर खोल ओली झाली की लावा. देशावर साधारण जूनअखेर ते जुलैचा मध्य. कोकणात जुलैच्या झडीत खड्डा तळं होतो, तिथे रोप थोड्या उंचवट्यावर बसवा आणि पाण्याला बाहेर वाट द्या.

लावताना पिशवीचा तळ ब्लेडने सेंटीमीटरभर मुळांसकट कापून टाका, म्हणजे गोल फिरलेलं मूळ निघून जातं. मग पिशवी उभी चिरून काढा. ती 'कुजेल' म्हणून तशीच पुरणारे लोक आहेत, ती कुजत नाही. मातीचा गोळा फुटू देऊ नका. पिशवीत जिथपर्यंत माती होती तिथपर्यंतच जमीन यावी. खोडाभोवती माती चढवली की साल कुजते. काठी रोपाला घट्ट बांधू नका, सुतळीचा सैल आठाचा वेढा द्या. वाऱ्यावर थोडं हललं तरच खोड जाड होतं.

पळसाचं बी पावसाची सुरुवात झाली की थेट जागेवर, एका ठिकाणी तीन, अशी पेरणी करा आणि काटेरी फांद्यांनी झाका. एक-दोन वर्षं त्याचा वरचा भाग उन्हाळ्यात वाळून जातो आणि पावसात पुन्हा फुटतो. या काळात ते जमिनीखाली मूळ भरत असतं. गावाकडे गुरं पळसाला सहसा तोंड लावत नाहीत, पण कांचनाच्या पाल्यावर शेळ्या तुटून पडतात, त्याला कुंपण हवंच.

पहिले तीन उन्हाळे

पावसाळा संपला की खोडापासून चार बोटं सोडून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला. पाणी रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पंधरा-वीस लिटर, सावकाश. वरवरच्या पाण्याने मुळं वरच राहतात. बाहेरगावी जाणं होत असेल तर रोपाच्या बाजूला गळ्यापर्यंत पुरलेलं साधं, भाजलेल्या मातीचं मडकं उत्तम. भरून वर झाकणी ठेवली की ते पाणी चार-पाच दिवस झिरपत राहतं. तिसऱ्या वर्षानंतर बहावा, पळस, पांगारा, काटेसावर यांना पाणी बंद करा. ताम्हण, सीता अशोक आणि सोनचाफा यांना देशावर पुढेही थोडं द्यावं लागतं.

फुलं कधी? पारिजातक आणि कांचन साधारण दोन ते चार वर्षांत. ताम्हण चार-पाच. बहावा पाच ते आठ. सीता अशोक, सोनचाफा, बकुळ यांना त्याहून जास्त. सोनचाफा लवकर हवा असेल तर कलम आणा, त्यात कमीपणा नाही. काटेसावर आणि पळसाला आठ-दहा वर्षं धरून चला.

बहावा, पांगारा, काटेसावर, पळस यांना पान गाळून, कोरड्या दिवसांत फुलायची सवय आहे. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये रोप एकदम खराट्यासारखं उघडं झालं तर घाबरून बादल्या ओतू नका आणि मेलं समजून उपटूही नका. नखाने खोडाची साल जरा खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. वर कोरडं लागलं तर थोडं खाली, मातीजवळ खरवडून बघा. तिथेही तपकिरी असेल, तरी पहिल्या पावसानंतर महिनाभर जागा मोकळी करू नका. बुडापासून नवा फुटवा बऱ्याचदा जुलैमध्ये येतो. तो आला तर एकच सरळ, जोमदार फुटवा ठेवा आणि बाकीचे कापून टाका.